किट लेन्सचे फोटो धूसर येतात: नवी लेन्स घ्यावी की सॉफ्टवेअर शिकावं?

तुमच्याकडे एपीएस-सी (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, त्यासोबत मिळणारी १८-५५ मिमी किट लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). फोटो धूसर येतात, रॉ फाइल (सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) फिक्या दिसतात, म्हणून महाग लेन्स घ्यावी की एडिटिंग शिकावं, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: आत्ता पैसे खर्च करू नका, आणि एडिटिंगच्या स्लायडरलाही लगेच हात लावू नका. आधी धूसरपणा कशामुळे आलाय ते ओळखा. फोकस चुकला असेल किंवा हात हलला असेल तर शार्पनिंगने तो तपशील परत येत नाही, फक्त कडा ठळक होतात.

फोटो १०० टक्के झूम करून बघा. चेहरा मऊ पण मागची भिंत किंवा पुढचा हात रेखीव असेल, तर फोकस चुकलाय. फ्रेममधली प्रत्येक रेघ एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल, तर कॅमेरा हललाय. बाकी सगळं स्वच्छ आणि फक्त पळणारं मूल पुसट, तर शटर मंद होता. तिथे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी सोय) उपयोगाचं नाही, १/५०० सेकंदाचा शटर लागेल. मध्यभाग चांगला आणि कोपरे मऊ असतील तर एफ/८ वर घेऊन बघा. किट लेन्स तिथे खरोखर छान काम करते. पण सगळं स्वच्छ यावं म्हणून एफ/२२ करू नका. छिद्र फार बारीक झालं की विवर्तनामुळे (छिद्राच्या कडेला प्रकाश पसरल्याने) पूर्ण फोटोच मऊ पडतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एफ/११ च्या पुढे हा फरक जाणवू लागतो.

५० मिमी लेन्सबाबत नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत एफ/१.८ वर होते. एक मीटरवरून फोटो घेतला तर रेखीव भाग जेमतेम ३ सेंटीमीटर खोल असतो. पापण्या स्वच्छ आणि कान पुसट, किंवा नाक स्वच्छ आणि डोळे पुसट. दीड मीटर अंतरावर उभे राहा, एफ/४ ठेवा, ही खोली साधारण १४ सेंटीमीटर होते. फोकस पॉइंट कॅमेऱ्याला निवडू देऊ नका. एकच पॉइंट घ्या आणि जवळच्या डोळ्यावर ठेवा. हातात धरून ५० मिमीला किमान १/१०० शटर ठेवा, त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवावा लागला तरी चालेल. नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, कमी करता येतो, हललेला फोटो सुधारत नाही.

निसर्गदृश्यासाठी १८ मिमी, एफ/८ आणि सुमारे २ मीटरवर फोकस: एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्वच्छ येतं. मात्र सिंहगडावरून एप्रिलच्या दुपारी राजगड-तोरणा टिपत असाल, तर धूसरपणा हवेतल्या धुळीचा आणि उष्णतेने थरथरणाऱ्या हवेचा असतो. त्यावर सकाळी लवकर जाणं हाच उपाय.

आता रॉ. ती फिकी दिसते यात बिघाड काही नाही. जेपेग बनवताना कॅमेरा स्वतःच कॉन्ट्रास्ट, रंग आणि शार्पनिंग चढवतो. रॉमध्ये हे काम तुमच्यावर सोडलेलं असतं. बदल्यात मोकळीक मोठी मिळते: जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ एडिटिंगची सॉफ्टवेअर फुकट आहेत, शिकायला भरपूर पुरे.

सुरुवात लेन्स प्रोफाइलने (त्या लेन्सचे दोष सुधारणाऱ्या तयार सेटिंगने) करा, म्हणजे १८ मिमीचा फुगवटा आणि कोपऱ्यांतला अंधार जातो. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल. ड्रॉपर करड्या वस्तूवर टेकवा, जळलेल्या पांढऱ्यावर नको. झाडाखाली त्वचा हिरवट आली असेल तर टिंट मॅजेंटाकडे न्या. संध्याकाळचा सोनेरी उजेड मात्र ‘दुरुस्त’ करू नका. त्यानंतर एक्स्पोजर, हायलाइट, आणि काळ्याची पातळी. फिकेपणा बहुतेक वेळा काळ्याच्या पातळीपाशीच संपतो. सॅच्युरेशन शेवटी आणि थोडं.

झेंडू, गुलाल, भगवा फेटा यांचे फोटो काढताना एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) फसवतो. तो ठीक दिसतो, पण लाल चॅनेल उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि पाकळ्यांचा सपाट ठिपका होतो. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर २/३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली घ्या. पूर्ण जळलेला रंग रॉमध्येही परत मिळत नाही. सावली उचलता येते.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी. ॲडोबीचं लाइटरूम वापरत असाल तर त्यात रेडियस १.० च्या आसपास ठेवा आणि ऑल्ट दाबून मास्किंग (शार्पनिंग कुठे लागू होईल ते ठरवणारा स्लायडर) सरकवा. फक्त कडा पांढऱ्या उरल्या की थांबा, म्हणजे आकाशातला नॉइज टोकदार होत नाही. मोबाइलवर पाठवायचा फोटो जेपेगमध्ये, एसआरजीबी या रंगपद्धतीत, लांब बाजू २०४८ पिक्सेल, गुणवत्ता ८५.

इतकं करूनही प्रत्येक फोटोवर दुधाळ पडदा वाटत असेल, तर लेन्स काढून टॉर्चच्या उजेडात आरपार बघा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती दिसली तर लेन्स स्वतः उघडू नका, इतर लेन्सपासून वेगळी ठेवा आणि दुरुस्तीला द्या. न दिसली तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक आणा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा.