भिगवणला फ्लेमिंगो बघायला घरच्यांना घेऊन जायचंय, सोबत सहा वर्षांची मुलगी आहे. कोणत्या महिन्यात जावं आणि बोटवाला पक्ष्यांच्या किती जवळ नेतो?

जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत कधीही जा, आणि पुण्याहून निघणार असाल तर पहाटे साडेचारला घर सोडा. महिन्याचं उत्तर संपलं. मी लिहायला बसलो ते तुमच्या ‘किती जवळ नेतो’ या शब्दांमुळे.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही सात जण गेलो होतो. मी, बायको, मुलगा, माझी आई, धाकटी बहीण, दाजी आणि त्यांची मुलगी. आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. धरण १९८० मध्ये पुरं झालं, पण गाव त्याच्या आधीच उठलं होतं. त्या पाण्यावर बोटीत बसायची आईची ती पहिलीच वेळ.

भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावरून निघालो तेव्हा धुकं होतं. वारकरी पक्ष्यांचे काळे थवे बोटीपुढून बाजूला होत होते. जाळ्यांच्या खुंटांवर नदीसुरय बसले होते, चक्रवाकांची एक जोडी चिखलात उभी होती. मुलं चित्रबलाक मोजत होती. मग गाळाचा एक पट्टा आला आणि त्याच्या कडेला उथळ पाण्यात दीड-दोनशे रोहित, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो. बोटवाल्यानं मोटार बरीच लांब बंद केली.

दाजींनी नवीन लेन्स घेतली होती. रोहित उभा असला की पांढरट-गुलाबी दिसतो, पंखांतला लाल आणि काळा रंग उडतानाच उघडतो. दाजींना तोच फोटो हवा होता. म्हणाले, “घे की पुढं. उडव जरा त्यांना, वरचे पैसे मी देतो.” बोटवाल्यानं माझ्याकडे बघितलं, कारण बोट मी ठरवली होती. आई म्हणाली, “जावईबापू, जेवताहेत ते. जेवत्या ताटावरून उठवू नये कुणाला.”

मी काही बोललो नाही. दाजींचा मान, बहिणीचा चेहरा, सगळा दिवस पुढं पडलेला. गप्प बसलो. मोटार सुरू झाली, पक्षी पाण्यावर धावत सुटले आणि उठले. फोटो उत्तम आला, दाजींच्या हॉलमध्ये लावलाय. आईनं तो थवा बघितलाच नाही, ती काठापर्यंत पाण्याकडे तोंड करून बसली.

तेव्हापासून प्रत्येक भाऊबीजेला दाजी म्हणतात, “पाखरंच ती, उडणारच. पंख कशाला दिलेत?” आणि मी विषय बदलतो. आज नाही बदलत.

रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेनं पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून गाळून बाहेर टाकतो. अडकतं ते शेवाळ, बारीक किडे, अळ्या. एवढ्याशा खाण्यावर एवढं मोठं धूड पोसायचं, म्हणजे तासन्‌तास मान खाली. बसल्या जागेवरून तो भुर्रकन उडू शकत नाही, आधी धावावं लागतं आणि त्याला ताकद लागते. इथं हिवाळ्याला येणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, तर मार्चच्या आसपास हिमालय ओलांडून परत निघतात, हिवाळाभर अंगात साठवलेल्या चरबीवर. सकाळी दहा बोटी गेल्या आणि दहाही बोटींनी ‘एकदाच’ उडवलं, की त्यांच्या खाण्याची वेळ संपली. दाजी, पंख प्रवासाला दिलेत, आपल्या हॉलसाठी नाहीत.

दोष मी बोटवाल्याला देत नाही. मासेमारी करणारी ही मंडळी पक्षी नावानिशी ओळखतात, आणि ती मोटार लांबच बंद झाली होती. पैसे आम्ही पुढं केले.

पुढच्या वर्षी फक्त आईला आणि मुलाला घेऊन गेलो. काठावरच सांगितलं, मोटार लांब बंद करायची, मग बांबूनं ढकलत जायचं, पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबायचं. पाऊण तास एका जागी थांबलो. पहिली दहा मिनिटं मुलगा कंटाळला, मग त्याला करड्या रंगाची पिल्लं ओळखू यायला लागली. खाण्यातून रंग भरेपर्यंत ती तशीच असतात, हे त्याला बोटवाल्यानं सांगितलं. चरता चरता थवा आपणहून आमच्याकडे सरकला. त्यांचा बदकांसारखा हळू गलका ऐकू येत होता, जो मोटारीच्या आवाजात कधीच ऐकू येत नाही. बोटवाल्याचं आजोळ आईच्या माहेराच्या शेजारच्या गावचं निघालं. गाव होतं त्या अंगाला तो बोट घेऊन गेला. पाणी जास्त होतं, काही दिसलं नाही. आईनं हात बुडवून ठेवला होता.

दाजी माणूस वाईट नाही, हेही लिहायला हवं. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी रात्रभर दवाखान्यात तेच थांबले होते. या एका बाबतीत मात्र ते चुकले आणि मीही.

पाऊस जोरदार झालेल्या वर्षी उजनी उशिरापर्यंत भरलेली राहते, गाळाचे पट्टे उघडे पडत नाहीत आणि रोहित कमी दिसतात किंवा उशिरा येतात. निघण्याआधी तिथल्या माणसाला पाण्याबद्दल विचारा. मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, तेही फोनवरच विचारा, आणि नसेल तर तिला बोटीत बसवू नका. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. वारा सुटला की परत फिरायचं. बोट तासाभरासाठी नको, दोन तासांसाठी ठरवा. परतल्यावर चिलापी मासा आणि भाकरी तिथंच खा.

आणि मुलीसाठी एक दुर्बीण घ्या, आठ बाय तीसची. तिच्या हाताला झेपते. लांब थांबलेल्या बोटीतूनही तिला रोहिताचा डोळा दिसेल, पिवळा असतो.