महापालिकेचा करार विकासकाशी, मग तीनशे फुटांच्या घरावर आपला हक्क कशाच्या आधारे?

प्रश्न : आम्ही भांडुपला रस्तारुंदीकरणात जाणाऱ्या वस्तीत राहतो. महापालिकेने एका खासगी विकासकाशी करार केला असून तो स्वतःच्या जमिनीवर तीनशे चौरस फुटांची घरे बांधून पालिकेला देणार आहे आणि पालिका ती आम्हाला देणार आहे, असे वॉर्ड ऑफिसात सांगण्यात आले. विकासकाला पालिका बांधकामाचे पैसे देणार नाही, असेही कळले. मग तो ही घरे बांधणार कशासाठी? आणि ज्या करारावर आमची सही नाही, त्याच्या भरवशावर आम्ही खोली खाली करावी का?
— एक वाचक, भांडुप (पश्चिम)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात आहे, म्हणून विकासकाला काय मिळते ते आधी पाहू.

अशा करारात विकासकाला रोख रकमेऐवजी प्रामुख्याने तीन गोष्टी मिळतात. पालिकेकडे दिलेल्या जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क (अन्यत्र जादा बांधकाम करण्याचा हक्क), बांधून दिलेल्या क्षेत्राच्या बदल्यात बांधकामाचा टीडीआर, आणि निविदेत ठरलेल्या दराप्रमाणे क्रेडिट नोट. टीडीआर तो स्वतःच्या दुसऱ्या इमारतीवर वापरू शकतो किंवा बाजारात विकू शकतो. क्रेडिट नोटचा उपयोग बांधकामाच्या परवानग्यांसाठी पालिकेला भरावयाच्या अधिमूल्यापोटी, म्हणजे ज्याला बांधकाम व्यवसायात सर्रास ‘प्रीमियम’ म्हणतात त्यापोटी, करता येतो. त्यामुळे पालिकेच्या तिजोरीतून आज काही जात नाही हे खरे असले, तरी उद्या येणारी रक्कम तेवढ्या प्रमाणात येत नाही आणि शहरात अन्यत्र तेवढे बांधकाम वाढते. ही घरे ‘फुकटात’ मिळतात असे भाषणांतून सांगितले जाते, ते म्हणूनच मला कधी पटलेले नाही.

आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा असा की हा मोबदला विकासकाच्या हाती कोणत्या टप्प्यावर पडतो. जमीन हस्तांतरित होताच किती, पाया पूर्ण झाल्यावर किती, आणि भोगवटा प्रमाणपत्रासह, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याच्या दाखल्यासह, घरे ताब्यात दिल्यानंतर किती, याची विभागणी करारात असते किंवा असावयास हवी. मोबदल्याचा मोठा भाग आरंभीच देऊन टाकला असेल, तर उरलेली इमारत वेळेत पूर्ण करण्यात विकासकाचे फारसे हित उरत नाही. गोरेगावच्या सिद्धार्थ नगरचे, म्हणजे पत्रा चाळीचे, उदाहरण मुंबईकरांच्या स्मरणात असेल. तेथे २००८ मध्ये म्हाडा, रहिवाशांची संस्था आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, ६७२ कुटुंबांनी घरे रिकामी केली, आणि त्यांच्या इमारती पूर्ण होण्यापूर्वीच विक्रीसाठीचे बांधकाम हक्क अन्य विकासकांना विकले गेले, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. पुढे म्हाडाने तो करार रद्द करून काम स्वतःकडे घेतले. मात्र तोवर दशकभराचा काळ भाड्याच्या घरांत गेला होता. लक्षात घ्या, तेथे तर रहिवाशांची संस्था करारातील एक पक्ष होती.

आपल्या बाबतीत तसेही नाही. महापालिका आणि विकासक हे दोनच पक्ष असल्यामुळे विकासकाने एखादी अट मोडली, तरी त्याच्यावर थेट कारवाई करण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे पालिकेला आहे, आपल्याला नाही. आपला हक्क उभा राहतो तो पालिकेच्या पुनर्वसन धोरणावर, आपल्या पात्रतेच्या आदेशावर आणि वाटपपत्रावर. म्हणून कराराच्या बातमीवर विसंबून खोली खाली करू नये. कुटुंबप्रमुखाचे नाव असलेला पात्रतेचा लेखी आदेश आणि इमारत, मजला व खोली क्रमांक नमूद केलेले वाटपपत्र हाती असावे, आणि त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र व पाण्याची जोडणी मिळालेली असावी. इमारत अद्याप उभी राहावयाची असेल, तर मधल्या काळात संक्रमण शिबिर मिळणार की भाडे, ते किती आणि कोण देणार, हे पालिकेच्या पत्रात लिहून मागावे. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी बदलून गेला की नव्या अधिकाऱ्यासमोर आपल्याकडे दाखविण्यासारखे काहीच उरत नाही.

कराराची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. दहा रुपये शुल्क भरून जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येते. विकासकाच्या व्यावसायिक गोपनीयतेचे कारण सांगून प्रत नाकारली जाण्याची शक्यता आहे. तथापि सार्वजनिक पुनर्वसनासाठी सार्वजनिक संस्थेने केलेला करार व्यापक जनहिताच्या कक्षेत येतो, हा मुद्दा अपिलात ठामपणे मांडावा. वस्तीतील पंचवीस जणांनी पंचवीस अर्ज करण्यापेक्षा एकानेच नेमका अर्ज करून करार, त्याची सर्व परिशिष्टे आणि मंजूर नकाशे मागणे अधिक उपयोगी पडते.

प्रत हाती आल्यावर क्षेत्रफळ पाहावे. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०३४ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनातील घर २७.८८ चौरस मीटर, म्हणजेच ३०० चौरस फूट कार्पेट क्षेत्राचे (भिंतींच्या आतल्या क्षेत्राचे) ठरविले आहे, परंतु त्यात न्हाणीघर, शौचालय आणि असल्यास बाल्कनीही धरलेली असते. वापरण्याजोगी खोली त्यामुळे ऐकल्यापेक्षा लहान निघते. हा आकडा १९९५ च्या योजनेत २२५ चौरस फूट होता, २००८ मध्ये २६९ झाला आणि नंतर ३०० वर आला. जुन्या मसुद्यावरून तयार केलेल्या कागदांत मागचा आकडा राहून गेलेला नाही ना, हे तपासणे अनाठायी ठरणार नाही.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे घर कोठे आणि कसे आहे, आणि याच बाबतीत असे करार बहुधा मौन पाळतात. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुलला हलविण्यात आले, तेव्हा २२५ चौरस फुटांची घरे तयारच होती आणि कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झालेले होते. तथापि तेल शुद्धीकरण कारखाने आणि रासायनिक प्रकल्पांच्या शेजारी माणसे राहणार कशी, हा प्रश्न कराराने विचारलेलाच नव्हता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तेथील प्रदूषणामुळे आरोग्याला धोका असल्याचे नमूद केले आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुटुंबांना अन्यत्र घरे द्यावीत अथवा दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. रिकाम्या राहिलेल्या यांपैकी हजारो सदनिका २०२५ मध्ये पालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना देऊ केल्या, तेव्हा त्यांनाही फारसे घेणारे मिळाले नाहीत. मुंबईत या किमतीला घर आणि त्याला गिऱ्हाईक नाही, यावरून काय ते समजावे. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथील पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात तर इमारतींमधील अपुरे अंतर, घरात न पोहोचणारा उजेड व वारा आणि क्षयरोगाचे प्रमाण यांचा संबंध दिसून आला. म्हणून मंजूर नकाशात दोन इमारतींतील मोकळे अंतर किती आहे, ते एखाद्या वास्तुविशारदाकडून समजून घ्यावे. पुनर्वसन इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती मिळतात आणि त्या सवलतींची झळ खालच्या मजल्यावरील कुटुंबांना लागते.

शेवटी देखभालीविषयी. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकाने प्रति सदनिका भरावयाची देखभालीची ठेव अनेक वर्षे ४०,००० रुपये होती. त्यावर सहा टक्के व्याज धरले, तर घरामागे महिन्याला २०० रुपये येतात. वीस-बावीस मजली इमारतीची लिफ्ट, पाण्याचे पंप आणि अग्निशमन यंत्रणा त्यावर चालणे अशक्य आहे. आपल्या करारातील ठेव किती आहे, तसेच गळती व बांधकामातील दोषांची जबाबदारी विकासकावर किती वर्षे आहे, हे पाहून वस्तीच्या वतीने पालिकेला आत्ताच लेखी निवेदन द्यावे. ताबा घेतल्यानंतर या गोष्टींसाठी भांडण्यात वर्षे जातात.

प्रश्न : जोगेश्वरीच्या आमच्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) योजनेत झोपडी तोडून तीन वर्षे झाली. पहिले वर्ष भाडे आले, नंतर थांबले. विकासक ‘पुढच्या महिन्यात’ एवढेच सांगतो. नवीन घर माझ्या पतीच्या एकट्याच्या नावावर होणार, असे सोसायटीचे सचिव म्हणतात, ते बरोबर आहे का?
— एक वाचक भगिनी, जोगेश्वरी (पूर्व)

उत्तर : ताई, आपली स्थिती वरील वाचकापेक्षा एका बाबतीत बरी आहे. एसआरए योजनेत प्रत्येक पात्र झोपडीधारकाशी विकासकाचा वैयक्तिक करारनामा होतो, त्यामुळे भाड्याची अट आपल्याला थेट दाखविता येते. त्याची प्रत घरात नसेल, तर सोसायटीकडून किंवा प्राधिकरणाकडून प्रथम ती मिळवावी.

थकलेल्या भाड्यासाठी वांद्रे येथील झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे तक्रार करावी, आणि ती शक्यतो सर्व बाधित कुटुंबांची एकत्रित असावी. कोणाचे किती महिन्यांचे भाडे थकले, याचा तक्ता आणि बँकेच्या पासबुकातील नोंदी तिला जोडाव्यात. भाड्याच्या तक्रारी फार वाढल्यामुळे प्राधिकरणाने २०२३ मध्ये दोन वर्षांचे भाडे विकासकाने आगाऊ जमा करावे, असे बंधन घातले. ते जुन्या योजनांतील रहिवाशांच्या फारसे उपयोगी पडले नाही, ही वेगळी गोष्ट. विकासक मुदतीत काम करीत नसेल किंवा अटी पाळत नसेल, तर झोपडपट्टी अधिनियम, १९७१ च्या कलम १३(२) खाली त्याला दूर करून दुसऱ्याकडे काम सोपविण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. तसा प्रस्ताव सोसायटीने सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतल्यास त्याला वजन येते. मात्र नवा विकासक नेमताना जुने थकीत भाडे कोण चुकविणार, हे आदेशातच नमूद करून घ्यावे. नव्याच्या स्वागताच्या उत्साहात नेमकी हीच ओळ राहून जाते.

सचिवांचे म्हणणे चुकीचे आहे. नियमाप्रमाणे पुनर्वसनातील घर पती व पत्नी यांच्या संयुक्त नावे होते. वाटपाच्या यादीत आपले नाव नसेल, तर ताबा घेण्यापूर्वीच लेखी हरकत नोंदवावी.

प्रश्न : अमेरिकेत काही शहरांत अगदी लहान, स्वतंत्र घरे बांधून गरजूंना परवडणाऱ्या भाड्याने दिली जातात, असे भाच्याने कळविले. आपल्या पालिकेने विकासकांशी तसे करार का करू नयेत?
— एक ज्येष्ठ वाचक, दादर

उत्तर : डेट्रॉईटमधील ‘कास कम्युनिटी सोशल सर्व्हिसेस’ या संस्थेचा प्रकल्प आपल्या भाच्याच्या मनात असावा. तेथील घरे सुमारे २५० ते ४०० चौरस फुटांची आहेत, म्हणजे आपल्या एसआरएच्या खोलीएवढीच. भाडे चौरस फुटामागे महिन्याला एक डॉलर आहे, आणि सात वर्षे अटी पाळून ते भरले की घर रहिवाशाच्या मालकीचे होते. डेट्रॉईटची लोकसंख्या घटल्यामुळे तेथे रिकामे भूखंड मुबलक होते. मुंबईत पुनर्वसनासाठी हेक्टरी किमान ६५० सदनिकांची घनता नियमानेच अपेक्षित आहे, त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला अंगणासह सुटे घर देण्याचा विचार येथे करता येत नाही.

घेण्याजोगी आहे ती भाड्यातून मालकीकडे नेणारी पद्धत, आणि तिचा एक प्रकार धारावीच्या पुनर्विकासात येऊ घातला आहे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना अडीच लाख रुपयांत धारावीबाहेर ३०० चौरस फुटांचे घर, आणि वरच्या मजल्यांवरील तसेच २०११ नंतर नोव्हेंबर २०२२ पर्यंत आलेल्या रहिवाशांना भाडे-खरेदी पद्धतीने घर, अशी ती योजना आहे. ज्यांना या तिसऱ्या वर्गात बसविले जाईल, त्यांनी करारनाम्यावर सही करण्यापूर्वी मासिक रक्कम दरवर्षी वाढणार आहे का, एखादे वर्ष हप्ते चुकल्यास आधी भरलेले पैसे बुडतात की हिशेबात धरले जातात, आणि मुदत पूर्ण होण्यापूर्वी कुटुंबप्रमुखाचा मृत्यू झाल्यास वारसाला तोच करार पुढे चालविता येतो का, हे तीन खुलासे लेखी घ्यावेत.