सहा फुटी फिश टँक, एफडी आणि उंचीचे दहा इंच

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, खासगी कंपनीत नोकरीला. पत्नी महाविद्यालयात कंत्राटी प्राध्यापक आहे, तिचं कंत्राट दर मार्चअखेर नव्यानं होतं. दोघांचे मिळून हातात ९६,००० रुपये येतात. गृहकर्जाचा हप्ता २९,५००, घरखर्च ४१,००० आणि एसआयपी १२,०००. बचत खात्यात ९०,००० आहेत आणि पुढच्या महिन्यात दीड लाखाची एफडी सुटतेय. मोठा फिश टँक घ्यायची माझी लहानपणापासूनची इच्छा आहे. टँकवाल्यानं ६ फूट लांब, २ फूट रुंद, अडीच फूट उंच, सगळ्या बाजूंनी १५ मिमी एक्स्ट्रा क्लिअर काच, स्टँड, फिल्टर, लाइट धरून १,३८,००० सांगितलेत. एफडीतून घ्यावा की कार्डावर बारा हप्त्यांत? काच टफन (तापवून बळकट केलेली) घ्यावी का? आम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मला सह्याद्रीतले डेनिसन बार्ब पाळायचेत. कोटेशन आणि विजेचं बिल सोबत जोडलंय.

उत्तर :

नमस्कार. टँक घ्या. हे आधी सांगतो, कारण आर्थिक सल्लागाराला विचारलं की 'हौस बाजूला ठेवा' एवढंच ऐकायला मिळतं, असा लोकांचा समज असतो. तीस वर्षं मनात जपलेली इच्छा हा घरखर्चातला रास्त खर्च आहे. पण हा टँक घेऊ नका, या महिन्यात घेऊ नका आणि एफडीला हात लावू नका.

तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७०,५०० रुपये होतात, ते कुठल्याही परिस्थितीत लागणारच. तुमची गंगाजळी बचत खातं आणि एफडी मिळून २,४०,०००, म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांची. त्यातून १,३८,००० गेले, तर दीड महिन्याचीच उरते. घरातला एक पगार दर मार्चमध्ये टांगणीला लागत असताना हे मला पटत नाही. तुमच्यासारख्या घरात किमान पाच महिन्यांचा, म्हणजे साडेतीन लाखांचा, साठा हवा. तेव्हा सुटणारी एफडी पुन्हा ठेवा आणि ती घरखर्चासाठीच आहे असं दोघांनी ठरवून टाका.

कार्डाचे बारा हप्ते 'बिनव्याजी' म्हणून दाखवले जातात. त्यात प्रक्रिया शुल्क असतं, व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि एखाद्या महिन्यात बिल पूर्ण भरायचं राहिलं, तर बहुतेक बँकांत वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं. शिवाय १,३८,००० चे बारा भाग केले तर ११,५०० होतात. तुमच्याकडे सगळं जाऊन १३,५०० उरतात. टँक चालवायचा खर्च मग कुठून काढणार?

आता टँकच्या मापांकडे येतो. खरा पैसा तिथे अडकलाय. फिश टँकच्या तीन मापांत उंची सगळ्यात महाग पडते. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, पाणी एकूण किती आहे यावर नाही. लांब टँकच्या तळाशी आणि आखूड टँकच्या तळाशी, खोली सारखी असेल तर दाबही सारखाच. पुढच्या काचेवरचा एकूण जोर मात्र खोलीच्या वर्गानं वाढतो. तुमच्या कोटेशनमधल्या टँकमध्ये पाणी साधारण ७० सेंमी उभं राहील, तेव्हा पुढच्या काचेवर ४४० किलोंच्या आसपास जोर येईल. ५ फूट लांब आणि २० इंच उंच टँकमध्ये पाणी ४५ सेंमी भरलं, तर तोच जोर १५० किलोंवर येतो. काचेची लागणारी जाडीही उंचीच्या मानानं जास्त वेगानं वाढते. उंची सव्वापट केली की जाडी साधारण एक पूर्णांक चार पट लागते. म्हणून अडीच फुटाला १५ मिमी लागली. २० इंचाला वरून पट्ट्या मारलेली १० मिमी पुरते.

त्या वाढीव उंचीतून माशांना मिळतं काय? पाण्यात प्राणवायू पृष्ठभागातून मिसळतो आणि उंची वाढवून पृष्ठभाग तसूभरही वाढत नाही. लाइट तळापर्यंत पोचवायला मोठा घ्यावा लागतो. अडीच फुटी स्टँडवर अडीच फुटी टँक ठेवला, तर वरची कड जमिनीपासून पाच फुटांवर जाते. तळ साफ करायचा म्हणजे स्टुलावर चढून खांद्यापर्यंत हात बुडवायचा, आणि तरीही तो पोचेल याची खात्री नाही. मग महिन्याला दीड हजार देऊन माणूस लावावा लागतो. कोटेशनमध्ये ही ओळ कधीच नसते.

डेनिसन बार्बलाही उंची नकोच आहे. हे मासे केरळ आणि कर्नाटकातल्या डोंगरी नद्यांचे, वाहत्या, थंड, प्राणवायूनं भरलेल्या पाण्यातले. २०१३ मध्ये त्यांच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' हे नाव मिळालं, याचं मला मोठं अप्रूप आहे. ते थव्यानं, वेगानं, आडवे पोहतात, म्हणून त्यांना लांबी आणि रुंदी द्या. ते उड्याही मारतात, तेव्हा झाकण हवंच. निसर्गात ते धोक्यात आलेले आहेत. पैदास केंद्रातलेच मासे मागा, नदीतून पकडलेले स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

माझा सल्ला ५ फूट × २ फूट × २० इंच. यात प्रत्यक्ष पाणी सुमारे ४०० लिटर मावेल, कोटेशनमधल्या टँकमध्ये सव्वासातशे. पाणी कमी असलं तरी पोहायला लांबी फक्त एक फुटानं घटते. आणि २५ टक्के पाणी दर आठवड्याला बदलायचं असतं. ४०० लिटरला ते १०० लिटर होतं, बादली किंवा पाइपनं एकट्याला जमण्यासारखं. सव्वासातशेला १८० लिटर, तेही एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर चालू असताना.

काचेचा हिशेब तुमच्याच कोटेशनच्या दरपत्रकावरून करू. १० मिमी साधी काच चौरस फुटाला १६० आणि एक्स्ट्रा क्लिअर ३२०. या टँकला तळ, पुढ-माग आणि दोन बाजू मिळून सव्वातेहतीस चौरस फूट काच लागते. सगळी साधी घेतली तर ५,३००, सगळी एक्स्ट्रा क्लिअर घेतली तर १०,६००. पण मागच्या काचेला तुम्ही काळी किंवा निळी फिल्म लावणार आणि तळावर वाळू पसरणार. तिथं पारदर्शकतेचे पैसे कशाला मोजायचे? साध्या काचेत लोहाचा अंश असतो, म्हणून ती कडेनं हिरवट दिसते आणि जाड होत गेली की तो हिरवेपणा वाढतो. १० मिमीला तो फारसा जाणवत नाही. फक्त पुढची काच एक्स्ट्रा क्लिअर घ्या, जास्तीचे सुमारे १,३०० रुपये पडतील. रोज संध्याकाळी तुम्ही त्याच काचेतून बघणार आहात, तेवढे जरूर खर्च करा.

टफन घेऊ नका. ती साध्या काचेपेक्षा बळकट असते हे खरं, पण एकदा टफन केली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, आणि फुटली तर एका क्षणात सगळीचे बारीक तुकडे होतात. म्हणजे चारशे लिटर पाणी एकदम दिवाणखान्यात. साध्या काचेला बहुतेक वेळा आधी तडा जातो, पाणी झिरपायला लागतं, पाइप लावून टँक रिकामा करायला वेळ मिळतो. खालच्या मजल्यावर कुणी राहत असताना त्या वेळेची किंमत फार मोठी आहे.

आणि खालच्या मजल्याचा विचार केलाच पाहिजे. कोटेशनमधला टँक पाणी, काच, वाळू, स्टँड धरून सुमारे १,१०० किलोंचा होईल, म्हणजे चौरस मीटरला साडेनऊशे किलोंच्या वर. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २०० किलोंचा भार धरलेला असतो. तो सगळ्या खोलीभर पसरलेला धरतात, त्यामुळे २०० ओलांडले की स्लॅब खाली येतो असं नाही. पण एवढा भार एका जागी कायमचा ठेवताना तो तुळईवर येतोय की स्लॅबच्या मधोमध, हे माहीतगारानं बघायला हवं. मी सुचवलेला टँक ६०० किलोंच्या घरात जाईल, चौरस मीटरला साडेसहाशे. त्यालाही स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि जागा त्यांच्याकडून लेखी घ्या. त्यासाठी मी ४,००० धरले आहेत. हे पैसे वाचवू नका. सोसायटीलाही पत्र द्या.

घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं, नळ फुटण्याचा धोका धरलेला आहे. फिश टँक त्यात येतो का, हे कंपनीला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. शेजाऱ्याच्या छताचं नुकसान हा वेगळा विषय आहे, त्यासाठी दायित्वाचं वेगळं संरक्षण लागतं.

आता दोन्ही टँकचे आकडे. सुचवलेल्या टँकला : काच, पॉलिश, सिलिकॉन, मजुरी धरून २०,०००, स्टँड १६,०००, फिल्टर १६,०००, लाइट ९,०००, वाळू-लाकूड-झाकण-पंखे ८,०००, इंजिनिअर ४,०००. एकूण ७३,०००. हिटर यात नाही. या माशांना नाशिकच्या थंडीपेक्षा उन्हाळ्याचा त्रास जास्त, म्हणून पाण्यावर वारा घालणारे छोटे पंखे धरले आहेत. तुमच्या कोटेशनमध्ये मात्र ३०० वॅटचे दोन हिटर आहेत. कुठले मासे ठेवणार हे टँकवाल्यानं विचारलंच नव्हतं, असं दिसतंय.

विजेचं असं की जास्तीची युनिटं नेहमी वरच्या टप्प्याच्या दरानं लागतात, सरासरी दरानं नाही. तुमच्या बिलावरून सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये धरतो. ३५ वॅटचा फिल्टर चोवीस तास, ६० वॅटचा लाइट आठ तास आणि उन्हाळ्यात पंखे मिळून वर्षाला सुमारे ५०६ युनिटं, म्हणजे ६,१००. खाद्य, फिल्टरचं साहित्य, क्लोरीन काढायचं औषध यांचे अंदाजे ९,४०० धरले तर वर्षाचा खर्च १५,५००, महिन्याला तेराशे. मोठ्या टँकला हिटर न लावताही वीज १०,४००, खाद्य-साहित्य १४,६०० आणि माणसाचे १८,००० मिळून वर्षाचे ४३,००० होतात. सात वर्षांत, महागाई न धरता, लहान टँक १,८१,५०० ला पडतो आणि मोठा ४,३९,००० ला. अडीच लाखांवरचा हा फरक खरेदीच्या दिवशी दिसत नाही.

मोठ्या टँकचे पैसे परत मिळतील, या आशेवर राहू नका. मापात बनवलेला सहा फुटी टँक जिन्यावरून उतरवायला चार-सहा माणसं लागतात, लिफ्टमध्ये तो मावेलच असं नाही, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. पाच फुटी टँकही सहज विकला जात नाही, पण उचलता येतो.

पैसे असे जमवा. उरणाऱ्या १३,५०० पैकी ९,००० वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका, ४,५०० गंगाजळीत. आठ महिन्यांत ७२,००० जमतात आणि गंगाजळीतही ३६,००० ची भर पडते. एसआयपी थांबवू नका. आठ महिने मार्चच्या अलीकडे भरत असतील, तर पत्नीच्या कंत्राटाचं पत्र हातात येईपर्यंत काच कापायला देऊ नका. पत्र आलं नाही, तर ते ७२,००० घरखर्चाच्या कामी येतील आणि टँक वर्षभर पुढे जाईल. हे लिहिताना मलाही वाईट वाटतंय, पण हे दोघांनी आजच बोलून ठेवा.

टँक झाल्यावर बारा महिने तेराशे रुपये खर्चात धरा आणि मासे शेवटी आणा. पाणी भरून फिल्टरमध्ये उपयुक्त जीवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात मासे न आणल्यानं पैसेही वाचतात आणि जीवही.

एक खर्च मी माझ्या अनुभवावरून मुद्दाम जोडतोय. माझ्याकडे तीन फुटी टँक होता. एका वर्षी गणपतीत चार दिवस गावी गेलो, मागे रात्रभर वीज गेली, आणि परत आलो तेव्हा अकरा मासे मेलेले होते. मुलीनं आठवडाभर त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच घेऊन ठेवा. डेनिसनला प्राणवायू इतर माशांपेक्षा जास्तच लागतो.

टँकवाल्याकडून चार गोष्टी कागदावर घ्या : काचेची जाडी आणि प्रकार बाजूनिहाय, कडा पॉलिश केलेल्या, सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेलं मत्स्यालयाचंच, आणि जोडकाम वाळल्यावर त्याच्या दुकानात ४८ तास काठोकाठ भरून दाखवलेला टँक. ती चाचणी बघायला स्वतः जा, सांध्यांवरून कोरडा टिश्यूपेपर फिरवा, आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्या.