तरुणपणीची तालीम आणि आताचे हृदय

प्रश्न : वय ५७. पंचविशीपर्यंत मी कुस्ती खेळलो. नंतर दुकानदारीत व्यायाम सुटला. तेव्हाच्या मेहनतीचा लाभ हृदयाला आजही मिळत असेल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : दुर्दैवाने, फारसा नाही. व्यायामाने वाढलेली हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता तो थांबताच काही आठवड्यांत घटू लागते. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांची शरीराला प्राणवायू वापरता येण्याची कमाल क्षमता सुमारे चतुर्थांशाने खाली आली. आणि तीस वर्षांनी पुन्हा तपासणी केली असता, वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमीच भरली. (वयाला आपण नको इतका दोष देतो, असे मला वाटते.) त्याच पाच जणांनी पन्नाशीत सहा महिने क्रमाक्रमाने चालणे, धावणे, सायकल चालवणे असा सराव केल्यावर वयाने नेलेली क्षमता परत मिळाली.

म्हणून सुरुवात अवश्य करावी, मात्र एकदम जोर-बैठकांनी नव्हे. आधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावे. त्यानंतर बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा वेगाने आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे. खानदेशातील उन्हाळ्यात ते सूर्योदयापूर्वीच उरकावे. चालताना छातीत दडपण आले किंवा भोवळ वाटली, तर तिथेच थांबून तातडीने डॉक्टरांना गाठावे.