यजमानांना डोंबिवलीत ठेवा आणि एकट्या घर बघून या

ताई,

तुमचं पत्र चार पानी आणि त्यातली पावणेचार पानं कोष्टकाची. नाशिक, वाई, सातारा, सांगली, रत्नागिरी. प्रत्येकापुढे भाडं, डिपॉझिट, दवाखाना किती लांब, चोऱ्यामाऱ्या होतात का, चालायला रस्ते कसे आहेत. फोर्टातल्या सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईचं कोष्टक आहे, खाडाखोड शोधून सापडत नाही.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई 62 च्या, यजमान 67 चे. डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि त्या पैशांत एखाद्या स्वस्त, शांत गावी भाड्याने राहायचं असा बेत आहे. गाळून गाळून सातारा उरला. तिथे दोन घरं नजरेत आहेत. एक महामार्गापलीकडचं रो-हाउस: गेटला वॉचमन, सीसीटीव्ही, आत फिरायला ट्रॅक, भाडं 11 हजार. दुसरं मोती चौकाजवळ जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर: दोन खोल्या आणि किचन, लिफ्ट नाही, खाली दुकानं, गणपतीत दणदणाट, भाडं साडेनऊ हजार. यजमानांचा जीव रो-हाउसवर जडलाय, मागे कढीपत्ता आणि जास्वंद लावायला जागा आहे म्हणून. ताईंचाही कल तिकडेच. विचारलंय एवढंच, की तिथे मन रमेल ना?

आणि सही करण्याआधी, जाता जाता, ही ओळ: ‘मला गाडी येत नाही, पण हे स्कूटरवरून कुठेही सोडायला तयार असतात. रात्री मात्र काढत नाहीत, समोरचे दिवे डोळ्यांवर येतात.’

ताई, कोष्टक राहू द्या बाजूला. तुमचं पत्र म्हणजे ही ओळ आहे.

पहिलं म्हणजे यजमानांना या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मोतीबिंदू असेल तर काढून मोकळे व्हा. पण त्याने माझं म्हणणं बदलत नाही. आज ते रात्री स्कूटर काढत नाहीत, आणखी काही वर्षांनी पावसात काढणार नाहीत, मग गुडघा दुखतोय म्हणून सकाळीही काढणार नाहीत. त्या प्रत्येक टप्प्यावर तुमचं जग तेवढंच आखडणार आहे, तुमचे पाय ठणठणीत असूनसुद्धा. महामार्गापलीकडच्या त्या घरातून कोथिंबिरीची जुडी आणायची तरी तुम्हाला कुणाला तरी उठवावं लागेल. आधी ‘अहो, जरा सोडता का’ म्हणाल. मग त्यांचा पेपर वाचून होईपर्यंत थांबाल. मग एक दिवस कोथिंबिरीवाचूनच आमटी कराल, आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही.

यजमान भले आहेत, ते मला पत्रातून दिसलंच. ‘मी आहे ना’ असं म्हणतात, असंही तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मला त्या तीन शब्दांचा मनस्वी राग आहे. डोंबिवली स्टेशनवर सकाळची फास्ट लोकल बत्तीस वर्षं पकडली तुम्ही. त्या डब्यात शिरायचं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. तेव्हा कोण होतं सोडायला? सुटल्यावर फडके रोडवरून भाजी, दूध, मुलाची वही, सगळं घेऊन घरी. आणि आता 62 व्या वर्षी, कुणी सांगितलं नसताना, तुम्ही स्वतःहून मागच्या सीटवर जाऊन बसताय.

कोष्टकातल्या दोन रकान्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण तिथेच तुमची फसगत झालीय.

‘चालायला रस्ता’ या रकान्यात रो-हाउसला तुम्ही पैकीच्या पैकी मार्क दिलेत, ट्रॅक आहे म्हणून. त्या ट्रॅकवर तुम्ही फेऱ्या माराल आणि आपल्याच गेटाशी परत याल. मोती चौकातल्या घरातून खाली उतरलात की दूध, औषधं, किराणा, पिठाची गिरणी, बँक, नगर वाचनालय, सगळं पायाखाली. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो हल्ली मोबाइलवरूनही होतो म्हणे, पण अंगठा उठला नाही किंवा चेहरा जुळला नाही की बँकेचीच पायरी चढायची असते. ती चालत चढता येते की नाही, एवढं बघा.

दुसरा रकाना चोऱ्यांचा. वॉचमन आणि कॅमेरा दिसला की आपल्याला हायसं वाटतं. पण मंगळसूत्र ओढणारा मोटारसायकलवाला सुनसान रस्ता बघतो, पहाटे फिरायला निघालेली एकटी बाई बघतो. रात्री नऊपर्यंत दुकानं उघडी, मेडिकलवाला ओळखीचा, समोरच्या गॅलरीत कुणीतरी कायम उभं, असा रस्ता त्याला नकोच असतो. आणि निवृत्त माणसांना आज खरा गंडा पडतो तो फोनवर. ‘तुम्हाला डिजिटल अटक झालीय’ म्हणून धमकावणारे गाव बघत नाहीत, गेटवरचा वॉचमनही त्यांना अडवत नाही. 1930 हा सायबर फसवणुकीची तक्रार करायचा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये आत्ताच भरून ठेवा.

बाकीच्या गावांचं फार लावून धरत नाही. सांगली सपाट आहे, पायांना सुखाची, पण तिथे घर बघायचं तर 2019 आणि 2021 साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते आधी विचारायचं. तुम्हाला सातारा आवडलाय ना? मग सातारा. पेन्शनरांचं गाव म्हणतात ते उगाच नाही.

फक्त हे लक्षात ठेवा, सातारा अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर वसलेलं आहे. जाताना मजेत उतरलेला बोळ परतताना हातात भाजीची पिशवी घेऊन चढायचा असतो, आणि हे घरमालक सांगत नाही, एजंट तर त्याहून नाही.

म्हणून आता एकच करा. यजमानांना डोंबिवलीत ठेवा आणि एकट्या साताऱ्याला जा. कल्याणहून कोयना एक्सप्रेस पकडा, स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, तिथून गावात कसं पोचायचं ते तुमचं तुम्ही शोधा. नाहीतर एसटीने जा, बायकांना अर्धंच तिकीट आहे. राजवाड्याच्या आसपास एखाद्या साध्या लॉजवर चार दिवस उतरा. कुणी गाडीने सोडतो म्हणालं तर नको म्हणा. दोन्ही घरांपासून रोजची कामं पायी करून बघा: सकाळी दूध, दुपारी बँक, संध्याकाळी भाजी, आणि रात्री साडेआठला मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी. महामार्गापलीकडच्या घरापासून ती रात्रीची गोळी आणायला पायी निघा. निघवलं नाही, तर उत्तर मिळालं. पाणी किती वाजता येतं हे शेजारच्या बाईला विचारा, मालकाला विचारू नका.

जिन्याची धास्ती वाटते, ते बरोबरच आहे. मग मोती चौकाच्याच टापूत तळमजला शोधा. पाचशे-हजार जास्त पडले तर पडू द्यात, रो-हाउसपेक्षा तरीही कमीच होतील. पण टापू सोडू नका. जास्वंद कुंडीतही येते, हे यजमानांना मी सांगितलं म्हणून सांगा.

मालक म्हणेल, अकरा महिन्यांचाच करार करू, नोंदणी कशाला. ऐकू नका. भाडेकरार लेखी करून नोंदवणं महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे, करार अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार पाच वर्षांपर्यंतचा करता येतो. तीन वर्षांचा मागा, दरवर्षी भाडं किती वाढणार ते त्यातच लिहून घ्या. या वयात दर अकरा महिन्यांनी खोकी बांधायची नसतात. आणि भाडेकरू म्हणून दोघांचीही नावं घाला, तुमचं पहिलं. यजमानांना ते खटकलं तर मला लिहा, त्यांच्याशी मी बोलेन.

शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा. तिकीट आजच काढा, आणि काढून झाल्यावर यजमानांना सांगा.