सही करण्याआधी गाडीत कोण कोण बसणार ते बघ

प्रिय,

तू पाठवलेला स्क्रीनशॉट बघितला. गाडीच्या विम्याच्या कागदांवर ठिकठिकाणी सह्या मागितल्यात आणि त्यातली एक 'पीआयपी नको' म्हणून आहे (पीआयपी म्हणजे पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन, अपघातात माणसांना लागलं तर खर्च देणारं कव्हर). एजंट म्हणतो, ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स आहे ना, मग कशाला? तुझी न्यू जर्सीतल्या एडिसनची मावशी म्हणते, घ्यावंच लागतं.

मावशीचं खरं आहे, पण न्यू जर्सीपुरतं. तिथे पीआयपी सक्तीचं आहे, किमान १५,००० डॉलरचं. तू राहतेस टेक्सासमधल्या प्लेनोला. टेक्सासचा कायदा वेगळा: कंपनीने ते देऊ करायलाच हवं आणि नको असेल तर तू लेखी नकार द्यायला हवा. त्या सहीला एवढं महत्त्व आहे ते यामुळेच. एकदा नकार दिलास की पुढच्या रिन्यूअलला ते पुन्हा देण्याचं बंधन कंपनीवर राहत नाही. तेव्हा हवं झालं, तर आपणच लेखी मागायचं.

पुण्याच्या गाडीवर ₹१५ लाखांचं 'पीए (पर्सनल अ‍ॅक्सिडेंट) कव्हर' असतं, ते हेच का, असं तू विचारलंस. नाही. ते मालक-चालकाच्या मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतं. हात मोडला, चार टाके पडले, तर त्यातून दवाखान्याचं बिल निघत नाही. पीआयपी नेमकं तिथेच कामाला येतं. दवाखान्याचा खर्च, बुडालेल्या पगाराचे ८० टक्के, आणि कमावत नसलेल्या माणसाला लागलं तर त्याची घरातली कामं करायला ठेवलेल्या माणसाचे पैसे. चूक कुणाची, हा प्रश्नच येत नाही. रस्ता ओलांडताना गाडीने तुला उडवलं तरी लागू. मात्र सगळं मिळून तू घेतलेल्या मर्यादेपर्यंतच, आणि अपघातापासून तीन वर्षांत झालेल्या खर्चापुरतं.

आता मुद्द्याचं. एजंट फक्त तुझा विचार करतोय. तू एकटीच ऑफिसला जा-ये करत असतीस, हेल्थ इन्शुरन्सचं डिडक्टिबल (विमा द्यायला लागण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) कमी असतं आणि हाताशी थोडी शिल्लक असती, तर मीही म्हटलं असतं, राहू दे. पण मे महिन्यात आई-बाबा येतायत. त्यांना मेडिकेअर (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, तुझ्या ऑफिसच्या पॉलिसीत ते नाहीत. त्यांच्याकडे असणार व्हिजिटर इन्शुरन्स, आणि त्यातल्या स्वस्त पॉलिस्या 'इमर्जन्सी रूमच्या एका भेटीला इतके, एक्स-रेला इतके' अशा ठरावीक रकमाच देतात. वरचं बिल आपलं. सत्तरी ओलांडलेल्यांना तर कव्हरही तोकडंच मिळतं. तू त्यांना घेऊन ह्यूस्टनजवळच्या पेअरलँडच्या मीनाक्षी मंदिराला निघणार, आय-४५ हायवेवर चार-पाच तास. मागून कुणी ठोकलं आणि बाबांच्या बरगडीला लागलं, तर तुझ्या गाडीतले प्रवासी म्हणून त्यांना तुझं पीआयपी मिळतं, प्रत्येकाला वेगळं. शनिवारी तुझ्या गाडीतून किराण्याला येणाऱ्या त्या दोन विद्यार्थिनींनाही. आणि चूक तुझीच असली तर? समोरच्याचा विमा तुमच्यातल्या कुणालाच एक डॉलर देणार नाही. पीआयपी तेव्हाही देतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: घे. आणि कायद्याने किमान म्हणून जे २,५०० डॉलरचं असतं त्यावर थांबू नकोस, ते इमर्जन्सी रूमच्या दारातच संपतं. १०,००० चा हप्ता विचार. जड वाटला तर कोलिजनचं (धडकेत स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचं कव्हर) डिडक्टिबल वाढव. बंपर काय, थोडे दिवस चेपलेला चालतो.

हेल्थ इन्शुरन्स असताना हे म्हणजे दुप्पट पैसे घालवणं नाही. टेक्सासमध्ये हेल्थ इन्शुरन्सने बिल भरलं म्हणून पीआयपी कापत नाहीत. उलट तुझं हाय-डिडक्टिबल प्लॅनमधलं सुरुवातीचं सगळं ओझं यातून निघू शकतं. अँब्युलन्सचंही लक्षात ठेव. अनपेक्षित जादा बिलांपासून वाचवणाऱ्या, २०२२ पासून लागू झालेल्या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या 'नो सरप्राइजेस' कायद्यात विमानाची अँब्युलन्स आहे, रस्त्यावरची नाही. एजंट 'मेडपे' पुढे करेल, स्वस्त म्हणून. त्यात फक्त औषधपाणी येतं, पगार नाही, आणि समोरच्याकडून भरपाई मिळाली की कंपनी सहसा आपला वाटा परत मागते.

एक मात्र सांगतो, पीआयपीसाठी लायबिलिटी (आपल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारं कव्हर) कमी करू नकोस. राज्याचं किमान ३०/६०/२५ म्हणजे एका जखमीला ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांना मिळून ६०,०००, आणि दुसऱ्याच्या गाडी-मालमत्तेच्या नुकसानीला २५,०००. डॅलसच्या रस्त्यावर पंचवीस हजारांत धड एक नवा पिकअपही येत नाही. आधी ते वाढव, मग अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (विमा नसलेल्याने ठोकलं तर कामाला येणारं कव्हर), मग पीआयपी. अनइन्शुअर्डच्या नकारालाही अशीच सही मागतात, तीही बघून ठेव.

वेळ आलीच तर दवाखान्याच्या काउंटरवर "गाडीचा अपघात, पीआयपी आहे" असं सांगून क्लेम नंबर द्यायचा. बिल मागताना बाबवार मागायचं, नुसता एकूण आकडा चालत नाही. पगार बुडला तर एचआरचं पत्र. कागद पुरे झाले की ३० दिवसांत पैसे द्यायला कंपनी बांधील आहे.

एजंटकडून २,५०० आणि १०,००० असे दोन्ही कोट घे आणि डिक्लेरेशन पेजसकट (पॉलिसीतली कव्हर आणि रकमा एकत्र दाखवणारं पान) मला पाठव. तोवर त्या चौकोनात आद्याक्षरं टाकू नकोस.

काका