कोरोनाकाळातल्या रोजच्या बातम्या खोट्या होत्या का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोरोनाच्या दोन वर्षांत तुम्ही रोज न चुकता बातम्या पाहिल्या, आकडे तोंडपाठ होते, तरी आज वाटतं की समाजात नेमकं काय चाललं होतं ते तेव्हा कळलंच नाही. मग त्या बातम्या खोट्या होत्या का?

बहुतेक बातम्या खोट्या नव्हत्या. गोम दुसरीकडेच होती. रोज बातमी द्यायची तर रोज काहीतरी बदलावं लागतं, आणि साथीच्या काळात रोज संध्याकाळी हमखास बदलायचा तो सरकारी आकडा. त्यामुळे ज्याची रोज मोजदाद व्हायची ते पहिल्या पानावर आणि ज्याची मोजदादच नव्हती, किंवा वर्षा-दोन वर्षांनी व्हायची, ते कुठेच नाही. आलंच तर काहीतरी भयंकर घडल्यावर, आणि तेही दोन दिवसांपुरतं. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होतो, म्हणून हे जरा आतून सांगू शकतो.

आधी आकड्याचंच बघू. राज्याच्या आरोग्य विभागाचं पत्रक संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ होऊन यायचं. नवे रुग्ण, बरे झालेले, सक्रिय, मृत्यू, मग जिल्हावार तक्ता. तोवर आमचं पान लागलेलं असायचं, फक्त आकड्याची चौकट रिकामी. टीव्हीवाले तर पत्रक उघडताक्षणी पहिला आकडा उचलून पट्टी फिरवायला लागायचे. पण त्याच पत्रकात मृत्यूंच्या आकड्याखाली एक कोरडी ओळ असायची: आज नोंद झालेल्या मृत्यूंपैकी इतके गेल्या ४८ तासांतले, इतके गेल्या आठवड्यातले आणि उरलेले त्याहूनही आधीचे. म्हणजे 'आज अमुक जणांचा बळी' या मथळ्यातले बरेच जण आज गेलेले नसायचेच. कुणाचा कागद उशिरा पोचला होता, कुणाचा खासगी रुग्णालयातून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्ह्याला येईपर्यंत पंधरवडा उलटला होता. पत्रक हे लपवत नव्हतं. पण ती ओळ ना मथळ्यात मावायची, ना पट्टीत.

१६ जून २०२० ला याचा कळस झाला. महाराष्ट्राने जुने, राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकदम हिशेबात घेतले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. दुसऱ्या दिवशी सकाळी देशाच्या आकडेवारीत चोवीस तासांत दोन हजारांवर मृत्यू झाल्याचं दिसलं आणि दिवसभर वाहिन्यांवर हाहाकार. पुढच्या जूनमध्ये बिहारचं तेच झालं. पाटणा उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर फेरतपासणी झाली आणि राज्याची मृत्युसंख्या एका दिवसात सुमारे साडेपाच हजारांवरून ९,४२९ वर गेली. त्या दिवशी साथ वाढली नव्हती. हिशेब पुरा करायला घेतला होता, इतकंच.

रुग्णसंख्येचीही तऱ्हा तीच. रविवारी चाचण्या कमी, म्हणून सोमवारी-मंगळवारी आकडा उतरायचा आणि 'दिलासा' छापून यायचा. गुरुवारपर्यंत पुन्हा 'उद्रेक'. हा साप्ताहिक दिलासा आम्ही कित्येक महिने इमानेइतबारे छापला. डेस्कवरचा एक ज्येष्ठ सहकारी म्हणायचा, 'विषाणूला रविवारची सुट्टी असते बहुतेक.' खरं तर किती चाचण्यांमागे किती बाधित हे सोबत नसेल, तर नुसत्या आकड्यावरून साथ वाढली की चाचण्या वाढल्या ते सांगताच येत नाही. १८ एप्रिल २०२१ ला राज्यात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. तो आकडा अनेकांना अजून आठवतो. त्या दिवशी चाचण्या किती झाल्या होत्या, हे मात्र कुणाला आठवत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे समाजात काय चाललं होतं. इथे माझं मत जास्त कडू आहे.

८ मे २०२० ची पहाट. औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशची माणसं, भुसावळकडे पायी निघालेली. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो देशभर गेला. टाळेबंदी लागली होती २५ मार्चला. म्हणजे माणसं चालत होती त्याला सहा आठवडे होत आले होते, आणि महामार्गावरून जाणाऱ्या कुणालाही ती दिसत होती. पण 'आज इतके मजूर चालले' असं पत्रक कुठलंच खातं काढत नव्हतं, म्हणून त्याला रोजची चौकट नव्हती. बातमी व्हायला सोळा प्रेतं लागली. पुढे १४ सप्टेंबरला लोकसभेत विचारणा झाली की टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले. कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर होतं, अशी माहिती ठेवलेली नाही. आणि माहितीच नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

प्राणवायूचंही तसंच. एप्रिल-मे २०२१ मध्ये सिलिंडरसाठी नातेवाइकांची धावाधाव ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. २० जुलैला राज्यसभेत केंद्राचं उत्तर आलं: प्राणवायूअभावी झालेले मृत्यू असे म्हणून राज्यांनी कळवलेले नाहीत. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही, कारण राज्यांच्या अहवालात असा रकानाच नव्हता.

उलट काही रकाने मुद्दाम पाडले गेले. मार्च २०२० च्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजचं प्रकरण आलं आणि आरोग्य मंत्रालयाच्या रोजच्या पत्रकार परिषदेत तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेशी संबंधित रुग्ण वेगळे सांगायला सुरुवात झाली. १८ एप्रिलला सांगितलं गेलं, १४,३७८ पैकी ४,२९१. आकडा खरा धरू. पण तेव्हा देशात चाचण्या मोजक्या होत्या आणि या मंडळींना शोधून शोधून तपासलं जात होतं. जिथे शोधाल तिथे सापडणार, हा साधा मुद्दा कुणी मांडायचा? मंदिर, लग्न, अंत्ययात्रा, पार्टी असे रकाने नव्हते. त्यामुळे बाकीचे सगळे नुसते रुग्ण राहिले आणि हे मात्र 'जमातवाले' झाले. गल्लोगल्ली भाजीवाल्यांची नावं विचारण्यापर्यंत मजल गेली. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचं नोंदवलं आणि माध्यमांतल्या प्रचारावरही कडक ताशेरे ओढले. एप्रिलमध्ये रात्र-रात्र चर्चा घडवणाऱ्या वाहिन्यांवर त्या निकालाला किती वेळ मिळाला, हे तुम्ही रोज बातम्या पाहत होतात, तुम्हीच आठवून बघा.

मध्येच एक गंमत. त्याच एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायला बंदी घातली होती, कागदावरून विषाणू घरात येईल म्हणून. औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि पाठोपाठ मुंबई-पुणे वगळता बंदी सैलही झाली. पेपरवर गरम इस्त्री फिरवून मग वाचणारे वाचक मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल आम्हाला कृतज्ञताच होती, कारण बाकीच्यांनी पेपर बंद केले होते.

तर आकडे. ते गोळा कोण करत होतं? खेड्यात आशा सेविका. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घराघरांत त्याच गेल्या. लोक दारातून हाकलायचे, कारण ही बाई आली की उचलून विलगीकरणात नेणार अशी धास्ती होती. जून २०२१ मध्ये राज्यातल्या जवळपास ७० हजार आशा संपावर गेल्या तेव्हा कुठे त्यांचं मानधन किती, हे शहरी वाचकाला कळलं. संप मिटला तो महिना १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता यावर. रोज ज्यांच्या आकड्यावर आमचं पहिलं पान उभं राहायचं, त्यांची बातमी व्हायला संप करावा लागला.

आणि ज्यांना संप करायचीही सोय नव्हती अशा गोष्टी तर कायमच्या सुटल्या. क्षयरोग घ्या. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचले नव्हते, आणि पोचले तिथली यंत्रणा कोविडला जुंपलेली होती. ही जवळपास सहा लाखांची तूट बातमी म्हणून कुठल्या तारखेला छापायची? तिला तारीखच नाही. मुलांच्या शिक्षणाचंही तेच. 'शाळा उघडणार की नाही' यावर मंत्र्यांची रोज उलटसुलट विधानं छापून यायची, दहावीच्या परीक्षेवर तर महिनोन्‌महिने. पण वस्तीवरची, घरात एकच फोन आणि तोही बापाच्या खिशात असलेली मुलं वाचायचं विसरत होती, हे २०२२ च्या 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीने दाखवलं. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येतं त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, ते २०.५ टक्क्यांवर घसरलं. हे आकडे बाहेर आले तोवर ती मुलं चौथीत जायला आली होती.

तर पुन्हा कधी अशी वेळ आली तर काय करावं, असंही तुम्ही विचारलंय. रोजचा आकडा बघूच नका असं मी म्हणणार नाही, तो बघितल्याशिवाय राहवत नाही हे मला ठाऊक आहे. फक्त एका दिवसाचा न बघता सात दिवसांची सरासरी बघा, आणि चाचण्यांचा आकडा सोबत नसेल तर ती बातमी अर्धी समजा. आकडा अचानक उसळला तर साथीआधी कागदांवर संशय घ्या. आणि स्थानिक पेपर सोडू नका. राष्ट्रीय वाहिन्या स्टुडिओत भांडत होत्या तेव्हा गुजरातमध्ये 'दिव्य भास्कर'च्या बातमीदारांनी मृत्यूच्या दाखल्यांचा हिशेब मांडला: १ मार्च ते १० मे २०२१ या काळात राज्यात १.२३ लाख दाखले दिले गेले, आदल्या वर्षी त्याच काळात ५८ हजार. सरकारी हिशेबात त्या काळातले कोविड मृत्यू होते ४,२१८. माझ्या मते सबंध साथीतल्या सर्वोत्तम बातम्यांपैकी ही एक. यात कुणाचा 'सूत्रांकडून समजते' नाही, की कुणाची प्रतिक्रिया नाही. फक्त दाखले मोजले.

त्या बातमीला पुढे दुजोरा मिळाला तो विचित्र वाटेने. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये द्यायचं ठरलं आणि अर्ज मागवले गेले. जानेवारी २०२२ पर्यंत गुजरातेत, जिथे अधिकृत मृत्यू दहा हजारांच्या आसपास होते, अर्ज आले जवळपास ९० हजार. महाराष्ट्रातही १ लाख ४१ हजार मृत्यूंच्या नोंदीपुढे दोन लाखांहून अधिक अर्ज. त्यात दुबार अर्ज होते, बाद झालेलेही होते, पण गुजरातने त्यातले ६८ हजारांवर मंजूर केले.

संपूर्ण देशाचा हिशेब यायला तर त्याहून उशीर झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू, म्हणजे एरवी झाले असते त्याहून जास्त, झाल्याचा अंदाज दिला, केंद्राने त्या पद्धतीवरच आक्षेप घेतला, आठवडाभर वाद रंगला. देशाची स्वतःची २०२१ ची जन्म-मृत्यू नोंदणी मात्र अजून बाहेर यायची होती. २०१९ मध्ये नोंदले गेलेले मृत्यू ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी, आणि त्या वर्षीचे अधिकृत कोविड मृत्यू सव्वातीन लाखांच्या थोडे पुढे. सगळीच उडी कोविडची नसणार, नोंदणीही सुधारत होती. तरी २०२१ साली रोज संध्याकाळी आपण जो आकडा बघत होतो त्याची लायकी काय होती हे कळायला हे तीन आकडे पुरेत. २०२१ चा हा अहवाल प्रसिद्ध झाला मे २०२५ मध्ये, ऐन भारत-पाकिस्तान लष्करी संघर्षाच्या दिवसांत. त्या आठवड्यात पहिल्या पानावर त्याला जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.